माणसं पुसणारे बापू

आमच्या सांगलीचे बापू बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांना ‘अवकाश’ लागला, म्हणजे वास्तूंच्या आतली मोकळी जागा. कुणाला दमा लागतो तसा. देवळात सगळ्यांचे हात जोडलेले असतात, यांची मान मागे. मग एक टाळी. आरतीची नव्हे, आवाज किती घुमतो ते पाहायला.

पण खरा जीव चर्चवर. “अहो, गाभाऱ्यात वाकून शिरायचं, अंधार, देव हाताशी. चर्चमध्ये छप्पर उंच, मधली वाट सरळ वेदीकडे ओढते. माणूस आपोआप हळू बोलायला लागतो!” हे ते खड्या आवाजात सांगतात.

कॅमेरा घेऊन महाबळेश्वरच्या होली क्रॉस चर्चची वारी ठरलेली. उभ्या रेषा कलू नयेत म्हणून कॅमेरा तिरपा धरायचा नाही, गुडघ्यांवर उतरायचं. पाहणाऱ्याला वाटतं, केवढी श्रद्धा! येताना वाईजवळ मेणवलीच्या घाटावर थांबायचं. तिथली घंटा पोर्तुगीज, 1707 सालची, वर मरियम आणि बाळ येशू. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली, तिथून आलेली. “चर्चचा आवाज देवळात आला बघा,” म्हणत बापू डोळे मिटतात, आणि ती वाजवायला आलेल्या पोरांना हुसकतात.

कारण फ्रेममध्ये माणूस नको! मिरजेच्या दर्ग्यात, जिथे अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत, उरुसाच्या गाण्याला अवघं गाव लोटतं आणि यांची कुरकुर, “गर्दीत जागाच दिसत नाही.” वहिनी म्हणतात, “कपाटामागे बराच अवकाश आहे, जळमटांसकट. तो बघा.”

हुसकता येत नाही तिथे बापू तीस सेकंदांचा फोटो घेतात. शटर उघडं, ट्रायपॉड घट्ट. हिंडती माणसं उमटतच नाहीत. भरल्या चर्चमधून माणसं पुसून टाकायची ही युक्ती त्यांनी मला इतक्यांदा समजावली आहे की माझीच पुसट व्हायची वेळ आली.

एकदा एका चर्चमध्ये प्रार्थना नुकतीच आटोपली होती. लोक उठले, पोरं धावली, झाडूवाल्या मावशी फिरल्या. सगळी गेली पुसून. मागच्या बाकावर एका आजींना डोळा लागला होता. त्या हलल्या नाहीत.

बापूंच्या हॉलमध्ये आता तो एकच फोटो आहे. छपराकडे कुणी बघत नाही. आजींची चप्पल बाकाखाली आहे, एक उलटी.