ड्यूकचं रान आणि असईची ढेकळं

माझा भाचा विलायतेत रेडिंग गावाजवळ राहतो आणि पळतो. नोकरीही करतो, पण सांगताना पळण्याचंच सांगतो. दिवाळीला तो जाफराबादला आला तेव्हा माझ्या बहिणीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पोरगं तिकडे उपाशी राहतं असा निकाल दिला. तो म्हणाला, "आई, मी फिट आहे." ती म्हणाली, "असशील. आधी हे अनारसे संपव."

तिसऱ्या अनारशाला त्याने विषय काढला. त्याच्या घराजवळ एका ड्यूकची भलीमोठी इस्टेट आहे, नाव स्ट्रॅटफिल्ड से. वॉटर्लूच्या विजयाबद्दल ब्रिटिश संसदेने दिलेल्या पैशांतून 1817 साली वेलिंग्टनच्या ड्यूकसाठी ती घेतली. तेव्हापासून ती त्या घराण्याकडेच आहे. दर 18 जूनच्या आत एक चिमुकला तिरंगी फ्रेंच झेंडा विंडसरच्या किल्ल्यात नेऊन दिला की राजाचं वर्षाचं भाडं फिटतं. ड्यूकचा लाडका घोडा कोपनहेगन तिथेच पुरलेला आहे, दगडावर नाव कोरून. इस्टेटीच्या एका कोपऱ्यात लोकांसाठी पार्क केलं आहे. तिकीट काढायचं आणि तळ्याच्या कडेने, जुन्या झाडांच्या सावलीतून मऊ पाचोळ्यावर पळत सुटायचं. वाटेत बाण रंगवलेले असतात, त्यामुळे चुकायचीही सोय नाही.

"मामा, आपल्याकडे पळायला असं काही आहे का? जुनं, झाडांचं, इतिहासाचं?"

मी म्हणालो, "इतिहास पाहिजे तेवढा आहे. झाडांचं बघावं लागेल. पण तुझा हा ड्यूक कोण ते ठाऊक आहे ना तुला? त्याने नाव कमावलं ते आपल्या केळणेच्या काठी."

भाचा थबकला. ज्याच्या रानात तो इतकी वर्षं घाम गाळत होता, त्या माणसाचा घाम त्याच्या आजोळच्या शिवारात गळला होता हे त्याला ऐकूनही माहीत नव्हतं. 23 सप्टेंबर 1803. आर्थर वेलस्ली, वय 34, तेव्हा ड्यूक नाही की लॉर्ड नाही. गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, एवढीच काय ती ओळख. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज. गाव असई. म्हातारपणी ड्यूकला कुणी विचारलं की लढाईतलं तुमचं सर्वांत चांगलं काम कोणतं, तर तो वॉटर्लू म्हणत नसे, असई म्हणे. जाफराबादजवळून जी केळणा वाहत पुढे पूर्णेला मिळते, तिच्याच वरच्या अंगाला हे गाव आहे.

"मग आपण तिथे पळू," भाचा म्हणाला. "आपण" हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मी तेव्हा हरकत घेतली नाही.

इथे थोडं थांबून पळण्याच्या जागांविषयी माझं एक मत मांडतो. पुण्याची मंडळी पहाटे विद्यापीठाच्या आवारात पळतात. ते गणेशखिंडीतलं मुंबईच्या गव्हर्नरचं जुनं आवार. संभाजीनगरकर हिमायतबागेत जातात, ती मोगली अमदानीतली बाग. भाचा ड्यूकच्या इस्टेटीत जातो. या सगळ्या जागांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे कुणीतरी पूर्वी भिंत घालून रयतेला सांगितलं होतं, आत यायचं नाही. रयत आत आली नाही म्हणून झाडं राहिली. झाडं राहिली म्हणून आज रयतेची पतवंडं रंगीत बूट घालून आत पळतात. आमच्या शिवाराला अशी भिंत कधी नव्हती. इथे सगळ्यांना मुभा होती, म्हणून झाडाचं आधी सरपण झालं, मग आढं झालं आणि उरलं त्याचं वखर झालं.

तरी पळणाऱ्यांची आमच्याकडे वाण नाही. पहाटे पाचला कोणत्याही फाट्यावर जा, अंधारात पोरं-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरती. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. वाट कसली, तर डांबरी रस्ता. सावली कसली, तर उसाच्या नाहीतर कापसाच्या गाडीची. पण ती पळतात कारण पळण्याला गुण आहेत. कारणाशिवाय पळणारा माणूस आमच्याकडे अजून रुळायचा आहे.

हे मला असईच्या फाट्यावर उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळलं. भाचा तोकड्या चड्डीत आणि पोपटी बुटांत, मी जुन्या पँटमध्ये आणि मानेला मफलर. त्याने स्वतःचं जादा घड्याळ माझ्या मनगटाला बांधलं. ते म्हणे अंतर, वेग आणि काळजाचे ठोके मोजतं. आम्ही निघालो. बैलगाडीवाल्या आजोबांनी गाडी थांबवली.

"काहून पळू राह्यले? कोन गेलं?"

आमच्या भागात वयस्क माणूस सकाळी पळताना दिसला की दोनच शक्यता असतात. कुणी तरी गेलं, किंवा एसटी गेली. "कुणी नाही गेलं, व्यायाम करतोय," असं मी म्हणालो तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर सुटकेऐवजी काळजी दिसली. पुढे एक मोटारसायकल शेजारी येऊन आमच्याच वेगाने चालू लागली. "बसा गुरुजी, सोडतो." नको म्हटलं. "अहो लाजू नका, बसा." पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. मी बसलो. पुढच्या वळणावर उतरलो तेव्हा माझ्या घड्याळाने आनंदाने शिट्टी वाजवली आणि मी आजवरचा माझा सर्वांत वेगवान किलोमीटर पळालो असं जाहीर केलं. भाच्याने ते यंत्र काढून घेतलं.

मग केळणा आली. वेलस्लीची सगळी हुशारी याच काठावर दिसली. शिंद्यांच्या फौजेचा मुक्काम केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये होता. समोरून नदी ओलांडावी तर शंभराच्या आसपास तोफा रोखलेल्या. वाटाडे सांगत होते की पलीकडे जायला दुसरा उतार नाही. साहेबाने दुर्बीण लावली. पूर्वेकडे नदीच्या अलीकडे एक गाव आणि पलीकडे त्याच्या तोंडासमोर दुसरं. पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं की दोन गावं अशी आमनेसामने वसली असतील तर लोक येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. उतार निघाला. या तर्काचं कौतुक इंग्रजी इतिहासकार दोनशे वर्षं करत आले आहेत.

मला यात कौतुक करण्यासारखं फारसं दिसलं नाही. नदीच्या दोन काठांवर दोन गावं असली की एकीकडची लेक दुसरीकडे दिलेली असते, आणि पंचमीला तिला न्यायला मुराळी जातो. तो काही पोहत जात नाही. हे आमच्या कुठल्याही आत्याबाईने दुर्बीण न लावता सांगितलं असतं. वेलस्लीला वाटाड्यांनी फसवलं नसावं. त्याने पुरुषांना विचारलं, इतकंच.

आम्हीही विचारलं. पहिल्याने सांगितलं, उतार वर आहे. दुसऱ्याने सांगितलं, खाली आहे. तिसरा म्हणाला, पूल असताना उतार कशाला पाहिजे? शेवटी धुणं धुणाऱ्या एका बाईने हात न थांबवता हनुवटीने दिशा दाखवली आणि आम्ही गुडघाभर पाण्यातून पार झालो. याच नदीत उतरताना वेलस्लीच्या बाजूच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्याने उडालं होतं. आमच्या वाटेत फक्त म्हशी होत्या, आणि त्या सरकायला तयार नव्हत्या.

पलीकडे रणांगण. म्हणजे कपाशी, मका, तूर आणि मध्ये शेडनेटचे पांढरे मांडव, ज्यांच्यात मिरची-टोमॅटोचं बियाणं पिकतं. भाच्याच्या घड्याळात वाट सरळ होती, जमिनीवर मका डोक्याच्या वर होता. बांधावरून पळायचं ठरलं. आदल्या रात्री कुणीतरी पाणी सोडलं होतं. काळ्या मातीचं वैशिष्ट्य असं की ती पाहुण्याला सोडत नाही. दहा पावलांत पोपटी बूट काळे झाले, वीस पावलांत दुप्पट झाले, आणि मग भाचा एकेक पाय जात्याच्या तळीसारखा उचलून टाकू लागला. विलायतेत याला "ट्रेल" म्हणतात आणि पैसे भरून करतात, असं त्याने धापा टाकत सांगितलं. कापूस वेचणाऱ्या बायांनी कमरेची ओटी सावरत आमच्याकडे पाहिलं. "भरतीची तयारी का?" एकीने मला विचारलं. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून दुसरी म्हणाली, "त्यायला गृहरक्षक दलात घेतील."

हसू येतं, पण त्या दिवशीची खरी धाव आठवली की पाय आवरते घ्यावेसे वाटतात. वेलस्लीचे शिपाई सकाळपासून वीस मैलांच्या वर चालून आले होते, आणि मग नदी ओलांडून तोफांच्या तोंडी गेले. त्यातले बरेचसे मद्रासकडचे देशी शिपाई, थोडे स्कॉटिश, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन, हा जर्मनीतल्या हॅनोवरचा आणि पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचाच सार्जंट. त्याच्या मदतीला सरधन्याच्या बेगम समरूची पलटण. आपले कोण आणि त्यांचे कोण, याचा हिशेब भाच्याने दोनदा मांडला आणि दोनदा पुसला.

त्या लढाईतही वाट चुकली होती. कर्नल ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याला असई गावापासून दूर राहायला सांगितलं होतं. तो उजवीकडे भरकटत थेट गावाच्या तोंडी गेला आणि त्याच्यामागे 74वी हायलँडर पलटण. गावात तोफा आणि बंदुका दबा धरून होत्या. पलटण जवळजवळ संपली. मराठी तोफखान्याने तर शर्थ केली. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, काही मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि शत्रू पुढे सरकताच उठून त्याच्या पाठीवर पुन्हा मारा सुरू केला. संध्याकाळी मैदान वेलस्लीकडे राहिलं, त्याचे दोन घोडे त्या दिवशी कामी आले किंवा जखमी झाले, आणि रात्री तो जमिनीवरच पडून राहिला, झोपेत दचकत.

आमच्या घड्याळानेही उजवीकडेच वळा म्हणून सांगितलं. वळलो तर वेडी बाभूळ. ही बाई अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आली आणि एकही तोफ न डागता तिने ओढे, गायरानं, गढ्या, सगळं घेतलं. वेलस्लीलाही एवढं जमलं नाही. भाचा काट्यांतून बाहेर आला तेव्हा त्याच्या भारी टी-शर्टची जाळी झाली होती.

खरी सावली सापडली ती देवळापाशी. पारावरचं झाड जुनं, घेर असा की दोघांच्या कवेत मावू नये. आजूबाजूच्या शेकडो एकरांत एवढंच झाड का राहिलं, हे मला तिथे बसल्यावर कळलं. इंग्लंडात झाडाला ड्यूकने राखलं, इथे देवाने. जिथे देवही नव्हता तिथे कुऱ्हाड पोहोचली. भाचा पाराखाली उताणा पडला तो हलेना. शेजारच्या घरातून कुणीतरी पिठलं-भाकरी आणि ठेचा आणून ठेवला तेव्हा मात्र हा मेलेला गोलंदाज ताडकन उठला.

जेवता जेवता त्याने विचारलं, "मामा, इथे पाटी वगैरे काही?" मी त्याला आकडे सांगितले. इंग्रजांचे 428 मेले, 1138 जखमी, 18 बेपत्ता. एकेक मोजलेला, कागदावर चढवलेला. शिंदे-भोसल्यांचे किती गेले, याचे अंदाज आहेत. हजार म्हणा, दीड हजार म्हणा. तिकडे ड्यूकच्या घोड्याचं नाव दगडावर आहे, 1853 साली एका महाकाय अमेरिकन झाडालाही ड्यूकचं नाव चिकटवून झालं. इकडे तोफेपाशी मेलेल्या माणसाच्या नावाने बाभूळही नाही.

भाचा रेडिंगला गेला. आता तो ड्यूकच्या रानात पळताना लोकांना असई सांगतो म्हणे, आणि लोक पळता पळता ऐकून घेतात, कारण त्यांना थांबता येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. रोजगार हमीतून दरवर्षी वृक्षलागवडीचे खड्डे खणले जातातच. त्यातले थोडे केळणेच्या उतारापासून असईपर्यंत खणा, दुतर्फा वड आणि लिंब लावा, आणि शेळ्यांच्या तोंडावर झाडाचं डोकं जाईपर्यंत काटेरी कुंपण करा. एक पाटी लावा, तिच्यावर दोन्हीकडच्या मेलेल्यांची आठवण असू द्या. भरतीची पोरं डांबर सोडून आपोआप त्या सावलीत येतील, आणि शहरातले लोक तिकीट काढायलाही तयार होतील. तोवर ज्यांना यायचं त्यांनी माघ-फाल्गुनात या, म्हणजे चिखल नसतो. कुणाची कपाशी तुडवू नका, वाट बायकांना विचारा, घड्याळ उजवीकडे वळा म्हणालं तर ऐकू नका. आणि मोटारसायकलवाल्याने तिसऱ्यांदा बसा म्हटलं तर मुकाट्याने बसा.