वज्रासनातली नोकरी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर जपानी आणि इंग्रजीत जे काही छापलंय, ते वाचलं की मलाच माझ्याबद्दल आदर वाटतो. ‘परदेशी मनुष्यबळ सल्लागार, आतिथ्य विभाग’ असा त्याचा मथितार्थ. पुण्यात आमच्या मातोश्री मात्र सोसायटीत सांगतात, ‘‘आमचा मुलगा पोरं जपानला लावून देतो.’’ परिणामी सोसायटीतल्या निम्म्या घरांतले बायोडेटा माझ्या फोनमध्ये पडून आहेत. त्यातल्या बहुतेकांचं जपानी भाषेचं ज्ञान सुझुकी, होंडा आणि यामाहा या तीन शब्दांपाशी संपतं.

जपानी शिकलो तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांत दुभाषा म्हणून बसायचं, असं माझं स्वप्न होतं. नशिबात निघाली ती हॉटेलं आणि र्‍योकान. र्‍योकान म्हणजे तातामीच्या चटया अंथरलेली, पारंपरिक पद्धतीची जपानी निवासगृहं. या धंद्याला बरकत येण्याचं कारण साधं आहे. 2013 साली जपानमध्ये परदेशी पाहुण्यांचा वर्षाचा आकडा पहिल्यांदा एक कोटीवर गेला. 2024 मध्ये तो 3 कोटी 68 लाखांवर पोचला आणि सरकारला 2030 पर्यंत सहा कोटी हवे आहेत. पाहुणे वाढतायत आणि यजमान म्हातारे होतायत. गरम झऱ्यांच्या डोंगराळ गावांतली तरुण मंडळी तर केव्हाच टोकियोला पळाली.

म्हणून एप्रिल 2019 मध्ये ‘तोकुतेई गिनो’, म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा सुरू झाला. जानेवारी 2021 मध्ये भारताशी त्याबाबत करारही झाला. एन-4 पातळीचं जपानी आणि हॉटेलकामाची चाचणी एवढं पार पडलं, की पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षं काम करता येतं. कुटुंबाला मात्र नेता येत नाही. हे शेवटचं वाक्य फोनवर सांगितलं की काही विवाहित उमेदवारांचा उत्साह मावळतो आणि काहींचा दुप्पट होतो.

काम तसं वधूवर सूचक मंडळाचं. दोन्हीकडची मंडळी घाईत असतात आणि दोन्हीकडच्या चौकशा भलत्याच असतात. इकडचे वडील विचारतात, ‘‘साहेब, मुलगा शुद्ध शाकाहारी आहे, सोय होईल ना?’’ वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क तिथं सूपपासून भाजीपर्यंत कुठंही शिरलेला असतो, हे सांगायला मी घसा खाकरतो. तेवढ्यात पुढचा प्रश्न येतो, ‘‘बरं, कुकर नेला तर चालेल?’’ तिकडचा मालक विचारतो, ‘‘मुलाखतीत हा मुलगा मान हलवत होता, ते ‘हो’ होतं की ‘नाही’?’’ मला पगार मिळतो तो बहुधा याच एका प्रश्नाचं उत्तर देता येतं म्हणून.

माणूस जपानात उतरला की माझ्या हुद्द्याचा खरा अर्थ उघड होतो. या व्हिसावरच्या कामगाराला कोणकोणती मदत द्यायची, याची दहा कलमं ठरलेली आहेत. मालकांच्या वतीनं ती देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेत मी आहे. विमानतळावरून आणणं, घर, बँकेतलं खातं, पालिकेतली नोंद, तीन महिन्यांतून निदान एकदा समोर बसून विचारपूस. कागदावर हे भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात मी जळणारा कचरा कोणत्या वारी, प्लास्टिकचा कोणत्या वारी आणि बाटलीचं झाकण कोणत्या पिशवीत, हे समजावत हिंडतो. पुण्यात जन्मात कधी कचऱ्याचा डबा खाली नेला नाही. आई म्हणाली, ‘‘एवढ्यासाठी जपानला जायची काय गरज होती?’’

तरीही माझा तोरा शाबूत होता. तो उतरवला गुन्मा प्रांतातल्या एका र्‍योकानच्या ओकामींनी. ओकामी म्हणजे र्‍योकानची सर्वेसर्वा मालकीणबाई. मी मनुष्यबळाच्या भवितव्यावर बोलत होतो. त्यांनी चहा पुढे केला आणि अतिशय मऊ आवाजात विचारलं, ‘‘ज्या कामाला तुम्ही माणसं देता, ते आपण स्वतः करून पाहिलं आहे का?’’ मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आपली खास भारतीय मान हलवली. ओकामींनी तिचा अर्थ ‘आनंदानं करीन’ असा घेतला.

पाळी होती ‘नाकानुके’ची. पाहुणे सकाळी दहाच्या सुमारास खोली सोडतात, नवे तीनच्या पुढे येतात; म्हणून कर्मचाऱ्यांनी पहाटे यायचं, मधे सुटायचं आणि दुपारी परत हजर व्हायचं. पुणेकराला दुपारची झोप कामाच्या वेळापत्रकातच मिळाल्यावर तो हरखणारच. पण ती झोप पहाटे साडेपाचला उठण्याच्या आणि रात्री पाहुण्यांची अंथरुणं घालून झाल्यावर खोलीवर परतण्याच्या मधोमध अडकलेली असते. अंगी लागत नाही.

संध्याकाळी खोलीत जेवण न्यायचं होतं. सरकत्या दाराबाहेर गुडघे टेकायचे, तबक बाजूला ठेवायचं, आवाज द्यायचा. दार आधी थोडं उघडायचं, मग हात बदलून उरलेलं. वाकून नमस्कार, तबक आत, मग आपण आत, मग बसूनच दार लावायचं. तातामीच्या काठावर पाय पडता कामा नये. हे सगळं मी बिनचूक केलं. आत ओसाकाचे एक आजी-आजोबा होते. त्यांना प्रत्येक वाटीतल्या पदार्थाची माहिती द्यायची होती आणि मी ती घोकून आलो होतो. आपल्याकडे वज्रासन जेवणानंतर पाच मिनिटं करतात. इथं त्यात बसून अख्खं जेवण वाढायचं असतं. शेवटच्या वाटीपर्यंत माझी वाणी अस्खलित होती. उठलो तेव्हा कळलं, की डावा पाय माझ्या मालकीचा राहिलेला नाही.

मी कलंडलो तो नेमका तोकोनोमात. तोकोनोमा हा चित्र आणि फुलं मांडायचा मानाचा कोनाडा. जाणता माणूस तिथं बॅगसुद्धा टेकवत नाही. मी अख्खा टेकलो. फुलदाणी आडवी झाली, पाणी तातामीवर. आजींनी लगबगीनं उठून मला हात दिला, बसवलं आणि स्वतः चहा ओतून दिला. आजोबा माझे पाय चोळायच्या बेतात होते.

तेवढ्यात दार सरकलं. माझ्याच यादीतून त्या र्‍योकानमध्ये लागलेली साताऱ्याची मुलगी दारात होती. एरवी ती मला ‘सर’ म्हणायची. मराठीत हळूच म्हणाली, ‘‘दादा, तुम्ही बाहेर व्हा, मी बघते.’’ तिनं पाहुण्यांची क्षमा मागितली, पाणी टिपलं, फुलदाणी उभी केली, थंड झालेलं सूप बदलून आणलं. बसलेली उठताना आधी पायाची बोटं जमिनीत रोवून क्षणभर टाचांवर बसली, पायांत रक्त येऊ दिलं आणि सरळ उभी राहिली. मी तिला मुलाखतीसाठी ‘आत्मविश्वासानं कसं बसावं’ हे शिकवलं होतं.

निघताना ओकामी म्हणाल्या, ‘‘अशा आणखी मुली मिळाल्या तर जरूर कळवा. आणि आपण आता अगदी विश्रांती घ्या.’’ जपानीत यापेक्षा स्पष्टपणे कुणाला हाकलता येत नाही.

तेव्हापासून फोनवर कुणी ‘‘म्हणजे वेटरचंच काम ना?’’ असं म्हटलं, की मी त्याला आधी अर्धा तास वज्रासनात बसायला सांगतो, मग पुढचं बोलतो. व्हिसाच्या नावात ‘कौशल्य’ हा शब्द उगाच घातलेला नाही. आपली मुलं या कामाला पाठवणार असाल तर पगार तिथल्या जपानी सहकाऱ्याइतकाच आहे ना, हे विचारा. तसा नियमच आहे. मधली सुट्टी धरून दिवस सकाळी किती वाजता सुरू होतो आणि रात्री किती वाजता संपतो, तेही विचारा. करारातल्या अटी मुलाला नीट कळणाऱ्या भाषेत समजावून घ्या. अनामत रकमेला या व्हिसात बंदी आहे, तेव्हा ती मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि यातल्या कशालाही एजंट ‘‘ते तिकडे गेल्यावर बघू’’ म्हणाला, तर बायोडेटा परत घ्या, तो एजंट मी असलो तरी.