फक्त सल्ला!

रात्री अडीच वाजता सोसायटीत जीप शिरली, तरी आमची कुत्री भुंकत नाहीत. जीप कॅप्टनकाकांना न्यायला आली आहे, हे त्यांना पाठ झालंय.

काका मुंबई बंदरात पायलट आहेत. परदेशातून आलेलं जहाज प्राँग्जच्या दीपस्तंभाबाहेर पोचलं की काका लाँचने तिथवर जातात, दोरशिडीने वर चढतात आणि जहाज धक्क्यापर्यंत आणतात. जहाज तीनशे मीटर लांब असलं, तरी कायद्याने हुकूमत कप्तानाचीच. पायलट फक्त सल्ला देतो. हे वाक्य काका दिवसातून चारदा म्हणतात. घरातली कप्तान कोण, हे तेवढ्यात ऐकणाऱ्यालाही कळतं.

ब्रिजवर पायलटने ‘स्टारबोर्ड टेन’ म्हटलं की सुकाणी तेच मोठ्याने म्हणतो आणि मगच चाक फिरवतो. ही सवय काकांनी घरी आणली. काकूंनी ‘कोथिंबीर आणा’ म्हटलं की काका ‘कोथिंबीर, एक जुडी’ म्हणून दारातच उभे. काकू ‘बरोबर’ म्हणेपर्यंत चपला घालत नाहीत. नातीने न बोलता पंखा दोनवर केला, तर तो बंद करून पुन्हा लावायला लावतात.

स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक टांगलेलं. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, त्यामुळे मुलीचं लग्न ठरवतानाही काकांनी गुरुजींना पहिला प्रश्न विचारला, ‘त्या दिवशी उधाण की भांगाची (म्हणजे कमी चढ-उताराची) भरती?’ पौर्णिमेचा, म्हणजे नेमका उधाणाचा, मुहूर्त निघाला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

एरवी गमत्या असलेला हा माणूस शिडी दिसली की बदलतो. ‘नऊ मीटरपर्यंत दोरशिडी. त्याहून उंच चढायचं असेल, तर जहाजाचा जिना जोडून द्यायचा. पायऱ्या आडव्या, सरळ, एकाही पायरीला रंग नको. रंगाखाली तडा लपतो.’ एकदा पायरी तिरकी दिसली म्हणून काका लाँचमध्येच बसून राहिले. वरून कप्तान ओरडत होता, खाली तांडेल हसत होता. शिडी बदलली, मगच काका चढले. लाट लाँचला सगळ्यात वर नेते, त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा आणि भराभर वर जायचं. नाही तर पुढच्या लाटेबरोबर लाँच वर येते आणि पाय चिरडतो. ‘उडी नाही मारायची, पाऊल टाकायचं,’ हे ते लोकलमध्ये धावत चढणाऱ्या पोरांनाही ऐकवतात. मागच्या वर्षी सोसायटीची इमारत रंगवताना रंगाऱ्याचा झुलाही त्यांनी अडवला. दोर नवा आणल्याशिवाय माणूस वर जाणार नाही! खजिनदार कुरकुरले, पण दोर आला.

हे ज्ञान फुकट आलेलं नाही. आधी कित्येक वर्षं खोल समुद्रावर घालवून कप्तानकीचं प्रमाणपत्र, मग जुन्या पायलटांच्या मागे उभं राहून दिवसा-रात्री जहाजं आणणं, मग परीक्षा, मग आधी लहान जहाजं आणि हळूहळू लांबलचक. गाळ कुठे, खडक कुठे, कुठल्या बोयेपाशी ओहोटी कशी ओढते, सगळं तोंडपाठ. दादरहून ठाण्याला कोणत्या रस्त्याने जायचं, हे मात्र काकूंना विचारतात.

जहाजावर कप्तान टोपी भेट देतो. काका ती लगेच वाटून टाकतात. आमचा दूधवाला कोरियन टोपी घालतो, वॉचमन ग्रीक.

परवा माझी गाडी दोन खांबांमध्ये लावताना काका आलेच. ‘डेड स्लो… स्लो… मिडशिप्स… स्टॉप!’ मी प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणत होतो. गाडी लागली. काकांनी खिशातून दुधाचं बिल काढून काचेतून पुढे केलं. काम झालं की कप्तानाची सही घ्यायचीच असते. मी सही केली. काकांनी तारीख, वेळ आणि गाडीची लांबी लिहिली आणि शेरा मारला : ‘कप्तान घाबरट. शक्यतो भरतीला आणावा.’