हायडी मूळची सोलापूरची

योहाना स्पिरी या स्विस बाईंनी १८८० साली 'हायडी' लिहिली, तेव्हा सोलापूर त्यांच्या कानावर गेलं असण्याची शक्यता कमीच. तरीही ही पोरगी आमचीच, असा माझा दावा आहे. मध्ये आल्प्स येतो, तेवढा वगळून वाचा.

हायडीचे आजोबा तिरसट, कुणाशी बोलत नाहीत, गावाशी उभा दावा. असे आजोबा आमच्या गल्लीत घरटी एक होते. त्यांना डोंगर परवडला नव्हता, म्हणून ते ओट्यावर बसत. शेळ्या राखणारा पीटर सदा भुकेला आणि शाळेचा कंटाळा असलेला. त्याच्या तोंडी 'काय बे'च शोभेल. राहिल्या शेळ्या. त्या आजोबांकडे श्वेनली आणि बेर्ली अशा दोनच. आमची काळीभोर उस्मानाबादी शेळी जुळी देण्यात पटाईत. दोनाच्या चार व्हायला कितीसा वेळ!

हायडी माळ्यावर वाळल्या गवतात झोपते आणि खिडकीतून चांदणं बघते. हे वाचून मी मामाच्या शेतावर मालदांडीच्या कडब्यावर अंथरूण घातलं. कडब्याला कूस असते, हे स्पिरीबाईंनी कुठंच लिहिलेलं नाही. रात्रभर अंग खाजवत बसले. चांदण्या मात्र झाडून सगळ्या बघितल्या.

पण खरी ओळख पटते ती फ्रँकफर्टमध्ये. चाकाच्या खुर्चीतल्या क्लाराला सोबत म्हणून हायडीला तिथं नेतात. मोठं घर, मऊ गाद्या आणि शिस्तीच्या रोटेनमायरबाई. पीटरच्या आंधळ्या आजीला काळा पाव चावत नाही, म्हणून हायडी जेवणातले पांढरे मऊ पाव कपाटात साठवते. ते कडक होतात आणि बाई ते फेकायला लावतात. इथं सोलापूरचा वाचक ताडकन उठून बसतो. कडक झालं म्हणून फेकायचं? आमच्याकडे भाकरी मुद्दाम कडक करतात आणि पाकिटात घालून विकतात!

पुण्याला शिकायला गेले तेव्हा माझंही कपाट तसलंच होतं. कपड्यांच्या मागं कडक भाकरी, तिच्यामागं शेंगाचटणी. घरमालकीणबाई दार उघडून म्हणायच्या, "मुंग्या होतील हं." त्या 'हं'मध्ये अख्खं फ्रँकफर्ट होतं. जो तो पुण्याच्या हवेचं कौतुक करायचा, आणि मला सोलापूरचा ४३ अंशांचा मे महिना आठवून गलबलून यायचं. हायडी घरच्या ओढीनं सुकत जाते, झोपेत चालते, आणि घरात भूत आहे म्हणून सगळे घाबरतात. शेवटी डॉक्टर सांगतात, हिला घरी पाठवा. मला डॉक्टरची गरज पडली नाही. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस होती.

१८८१च्या दुसऱ्या भागात क्लारा डोंगरावर येते आणि तिथली हवा, शेळीचं दूध यांच्या जोरावर पायांनी चालू लागते. एवढ्यापुरता मात्र मान आल्प्सला द्यावा लागेल. सोलापूरच्या हवेनं कुणी चालायला लागल्याचं ऐकिवात नाही. मे महिन्यात सावली गाठायला पळतात मात्र सगळेच.