खुल्या स्पर्धेची वाट: भिवंडीतील हौशी गोल्फपटूसाठी पात्रतामीमांसा

हौशी आणि व्यावसायिक हा भेद मराठी वाचकाला राज्य नाट्यस्पर्धेमुळे चांगला परिचित आहे: पदरमोड करून नाटक उभे करतो तो हौशी, आणि तेच नाटक तिकीट लावून करतो तो व्यावसायिक. गोल्फमध्येही व्याख्या मूलतः हीच असून फरक एवढाच, की येथे मोडायचा पदर बराच लांबरुंद असावा लागतो. 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार हौशी खेळाडूला बक्षीस म्हणून जास्तीत जास्त 1,000 डॉलर किंवा 700 पौंड स्वीकारता येतात. त्याहून एक डॉलर अधिक घेतला की त्याचे हौशीपण संपते. जानेवारी 2024 मध्ये निक डनलॅप या अलाबामा विद्यापीठातील विद्यार्थ्याने हौशी असतानाच अमेरिकेतील एक बडी व्यावसायिक स्पर्धा जिंकली, तेव्हा सुमारे 15 लाख डॉलरचा धनादेश दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूकडे गेला आणि विजेत्याच्या हाती चषक तेवढा राहिला. त्यानंतर काही दिवसांतच तो व्यावसायिक झाला, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. हौसेला मोल नसते हे वचन इतक्या काटेकोरपणे अन्यत्र कोठे अमलात आणल्याचे आढळत नाही.

प्रस्तुत विवेचन भिवंडीत राहणाऱ्या आणि व्यावसायिक गोल्फस्पर्धेस पात्र ठरू इच्छिणाऱ्या हौशी खेळाडूसाठी आहे. असा खेळाडू अस्तित्वात आहे किंवा नाही हा प्रश्न गौण होय, कारण मार्गदर्शनपर ग्रंथांच्या परंपरेत वाचक आधी आणि ग्रंथ नंतर असा क्रम क्वचितच पाळला गेला आहे.

प्रथम ‘खुली’ या विशेषणाचा विचार करावा लागतो. अमेरिकेची यूएस ओपन आणि ब्रिटनची द ओपन या स्पर्धा खुल्या म्हणवल्या जातात त्या अशा अर्थाने, की तेथे निमंत्रणाची अट नसून पात्रता फेऱ्यांत पुरेशा कमी फटक्यांत खेळणारा कोणीही मुख्य स्पर्धेत पोहोचू शकतो; दोन्हीकडे पहिला टप्पा 18 होलचा आणि अंतिम टप्पा 36 होलचा असतो. होल म्हणजे विटीदांडूतल्या गलीचे श्रीमंत भावंड, मात्र त्याचा व्यास 108 मिलिमीटरच असावा लागतो. तो किती फटक्यांत गाठावा याचा जो आदर्श ठरवलेला असतो त्याला पार म्हणतात. या पारावर बसून गप्पा मारता येत नाहीत, उलट तो चुकला की खेळाडूचा चेहरा उतरतो. पारपेक्षा एक फटका जास्त लागला की बोगी होते. भिवंडी रोड स्थानकावर दिवा-वसई गाडीची वाट पाहणाऱ्यांना बोगी आलेली हवी असते. गोल्फपटूला ती नको असते, आणि ती त्याच्याकडे मात्र वेळेवर येते.

हौशी उमेदवारासाठी या खुल्या दाराला एक छोटीशी कडी आहे, तिचे नाव हँडिकॅप. खेळाडूच्या कौशल्यातील उणीव मोजणारा हा आकडा शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांच्या सरासरीवरून काढतात, आणि तो जितका कमी तितका बरा. नवशिक्यास 54 पर्यंतचा हँडिकॅप मिळू शकतो. यूएस ओपनच्या पात्रता फेरीत अर्ज करणाऱ्या हौशी खेळाडूचा मात्र 0.4 च्या वर चालत नाही, म्हणजे त्याने चांगल्या दिवशी जवळजवळ पारइतकेच फटके घेतले पाहिजेत. येथे साखळी सुरू होते: स्पर्धेसाठी हँडिकॅप हवा, हँडिकॅपसाठी मान्यताप्राप्त संस्थेत नोंदवलेल्या फेऱ्या हव्यात, फेऱ्यांसाठी मोजमाप झालेले मैदान हवे, आणि मैदानासाठी बहुधा क्लब हवा. शिधापत्रिकेसाठी रहिवासाचा पुरावा आणि रहिवासाच्या पुराव्यासाठी शिधापत्रिका हा अनुभव पाठीशी असलेल्या उमेदवाराला ही रचना परकी वाटणार नाही.

भिवंडी शहरात गोल्फचे मैदान नाही. शहरात यंत्रमाग आहेत आणि काल्हेर, पूर्णा, मानकोली या बाजूंना कोसभर पसरलेली गोदामे आहेत. 18 होलच्या मैदानाला लागते तेवढी सलग सपाट जागा येथे निर्विवादपणे आहे, फक्त तिच्यावर पत्र्याचे छप्पर आहे. म्हणून फेऱ्यांसाठी उमेदवाराला एक तर चेंबूरला जावे लागते, जेथे 1927 सालापासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, किंवा खारघरला, जेथे सिडकोने डोंगराच्या कुशीत मैदान उभारले आहे. 18 होलच्या एका फेरीला साधारण चार तास लागतात. 20 फेऱ्यांचे 80 तास होतात. त्यात प्रवासाचे तास मिळवण्याचे काम उमेदवाराने स्वतः, शक्यतो घरच्यांच्या नकळत, करावे.

सरावाच्या बाबतीत मात्र भिवंडीचा उमेदवार कोणत्याही क्लबच्या सदस्याहून भाग्यवान मानला पाहिजे. 45.93 ग्रॅमहून जड नसलेला चेंडू जाळीत मारून फटका घोटवणे हा शहरी सरावाचा सर्वमान्य प्रकार असून जाळीच्या जागी ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा, दुहेरी तागा टांगता येतो. कापड फाटले तर तो चेंडूचा दोष की सुताचा, हे मागमालक पाहताक्षणी सांगतो. शिवाय ताण्याच्या धाग्यांमधून बाणा घेऊन धोटा अविरत एकाच लयीत जाताना ज्याने लहानपणापासून ऐकला आहे, त्याला ‘स्विंगमध्ये लय हवी’ हे प्रशिक्षकाचे वाक्य पैसे देऊन ऐकण्याची गरज उरत नाही. मागांच्या खडखडाटात एकाग्र होण्याची सवय असल्याने, गोल्फच्या प्रेक्षकांची ती सुप्रसिद्ध शांतता त्याला प्रारंभी अस्वस्थ करील, एवढा एकच धोका संभवतो.

नियमांच्या अभ्यासासाठी तर हे शहर म्हणजे प्रयोगशाळाच होय. गोल्फच्या नियमावलीत ‘दुरुस्तीखालील जमीन’ नावाची एक संकल्पना आहे: समितीने खुणा करून तशी घोषित केलेल्या जागेत चेंडू पडला, तर खेळाडूला दंडाशिवाय सुटका मिळते. त्यासाठी ज्या ठिकाणी त्या जमिनीचा काहीच अडथळा राहत नाही असे सर्वांत जवळचे ठिकाण, होलच्या अधिक जवळ न जाता, शोधावे लागते आणि तेथून एका काठीच्या लांबीत चेंडू हातातून सोडावा लागतो. हा नियम अंजूर फाट्यापासून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर मनोमन लावून पाहिल्यास दोन अडचणी लक्षात येतात. खुणा कोणी केलेल्या नसतात; आणि एका खड्ड्यातून सुटका घेणारा नियमाप्रमाणे दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सरकत शेवटी नाशिक महामार्गावर पोहोचतो. ‘तात्पुरते पाणी’ हीही अशीच एक संकल्पना: जमिनीवर साचलेले, पण कायमचा जलाशय नसलेले पाणी. पावसाळ्यात कामवारी नदीला पूर आला की तीन बत्तीच्या बाजारात जे साचते ते तात्पुरते मानायचे की कसे, याबद्दल स्थानिक दुकानदारांचे मत नियमावलीहून निराळे पडण्याची शक्यता आहे.

हँडिकॅपची कडी न उघडताच आत जाण्याचा एक ऐतिहासिक मार्ग उपलब्ध आहे आणि तो येथे केवळ ज्ञानासाठी नोंदवला जात आहे. 1976 साली इंग्लंडमधील बॅरो-इन-फर्नेस येथील मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट या क्रेनचालकाने द ओपनच्या पात्रता फेरीसाठी अर्ज मागवला. हौशी खेळाडूला हँडिकॅपचा दाखला जोडावा लागतो असे त्यात आढळल्यावर, आणि आपल्याकडे तो नसल्यामुळे, त्याने सरळ ‘व्यावसायिक’ हा रकाना भरला. व्यावसायिकाकडे कोणी दाखला मागत नव्हते. टपालाने मागवलेल्या काठ्या, वाचनालयातले एक पुस्तक आणि समुद्रकिनाऱ्यावरचा सराव एवढ्या शिदोरीवर तो फॉर्म्बीच्या मैदानात उतरला व त्याने 121 फटके घेतले, म्हणजे पारपेक्षा 49 अधिक. आयोजकांनी संतापून त्याला कायमचे दूर ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो पुढील काळात टोपणनावे घेऊन पुन्हा हजर झाला. एकदा तर गेराल्ड हॉपी नावाचा स्विस व्यावसायिक बनून. या प्रकरणाचा विनोद म्हणून उल्लेख होतो, परंतु त्यातला तर्क निर्दोष आहे: तो खेळतो कसा हे संस्थेने विचारलेच नव्हते, फक्त कोणता रकाना भरला हे पाहिले होते. भिवंडीच्या गोदामांतही क्रेनचालकांची वाण नाही. तथापि आता छाननी अधिक कडक आहे, आणि खोटे नाव धारण करण्याचा सल्ला कोणताही जबाबदार ग्रंथ देत नाही.

भारतातील अधिकृत वाट 2006 साली स्थापन झालेल्या प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडियाच्या पात्रता शाळेतून जाते. शाळा हा शब्द ऐकून फळा-खडूची कल्पना करू नये. येथे शिकवत काहीच नाहीत, केवळ परीक्षा घेतात. पूर्वपात्रता 36 होलची, अंतिम टप्पा 72 होलचा, आणि त्यातून वरच्या क्रमांकांवर येणाऱ्यांना मोसमभर खेळण्याचे कार्ड मिळते. स्थळे बदलत असतात. अलीकडच्या वर्षांत अहमदाबाद परिसर आणि जमशेदपूर ही नावे त्यात आली आहेत. अहमदाबाद असेल तर उमेदवाराने ते शुभ समजावे, कारण भिवंडीचे कोरे कापडही रंग चढवून घ्यायला गुजरातकडे जातच असते. क्रमांक थोडक्यात हुकल्यास प्रतीक्षायादीला कमी लेखू नये: पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळला तो अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतल्यावर. रेल्वेच्या वेटिंग तिकिटावर आयुष्य काढलेल्यांना हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

येथे विडंबनाचा सूर क्षणभर बाजूस ठेवून एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. भारतात या खेळाचे दार पुढून कधी फारसे उघडले नाही. ते मागून उघडले. 1965 ची इंडियन ओपन पी. जी. सेठी यांनी हौशी खेळाडू असताना जिंकली हे खरे. परंतु 1991 साली तीच स्पर्धा जिंकणारा अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, म्हणून वाढला होता, आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकणारा शिव शंकर प्रसाद चौरसिया हा कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबमध्ये हिरवळीची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा. सदस्य होण्यासाठी शिफारस, शुल्क आणि दीर्घायुष्य लागते, तर पिशवी उचलण्यासाठी खांदा पुरतो. तेव्हा ज्या भिवंडीकराचे वय अद्याप लहान आहे आणि ज्याला खरोखरच व्यावसायिक व्हायचे आहे, त्याने सदस्यत्वाचा अर्ज भरत बसण्यापेक्षा एखाद्या मैदानाच्या कॅडीमास्तरला भेटावे, हे अधिक व्यवहार्य.

राहता राहिली ती निघण्याची वेळ. नियम 5.3 प्रमाणे खेळाडू ठरलेल्या क्षणी पहिल्या फटक्यासाठी सज्ज असावा लागतो. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाल्यास दोन फटक्यांचा दंड बसतो आणि त्याहून अधिक झाल्यास तो स्पर्धेतून बाद होतो. अपवादात्मक परिस्थितीत समिती सूट देऊ शकते, परंतु नियमाच्या अधिकृत स्पष्टीकरणात वाहतूक कोंडी ही अपवादात्मक परिस्थिती धरली जाणार नाही असे स्वच्छ म्हटले आहे. मानकोली नाका ओलांडून जावयाचे असल्यास आदल्या रात्रीच निघावे.