रामलिंगला पहिल्यांदा जाणाऱ्या मुरुडकरांसाठी सूचना

सर्वांत आधी फोन खिशात ठेवा. त्यात ‘मुरुड’ आणि ‘अभयारण्य’ टाकलं की तो तुम्हाला फणसाडला पाठवतो, शेकरू दाखवतो आणि संध्याकाळी समुद्रकिनारी नेऊन सोडतो. ते मुरुड रायगडातलं. आपलं लातूर-बार्शी रस्त्यावरचं. आपल्याकडं समुद्र उसाचा, आणि अभयारण्य ढोकी ओलांडून पुढं, येडशीच्या रामलिंग घाटात. 1997 साली जाहीर झालेलं, साधारण 22 चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या या रांगेला आम्ही डोंगर म्हणतो. सह्याद्री बघून आलेल्या पाहुण्यांनी तेवढं हसू आवरावं.

घरी मात्र ‘अभयारण्यात चाललोय’ म्हणू नका. ‘तिथं काय ठेवलंय?’ असा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. ‘रामलिंगला जाऊन येतो’ म्हणा. धपाटे, शेंगाची चटणी आणि नारळ न मागता पिशवीत पडतात.

ही पिशवी हाच तुमचा वन्यजीवांशी पहिला संबंध. मंदिराच्या वाटेवरची माकडं पिशवी बघून माणूस ओळखतात. काळी प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांच्या पिल्लांनाही ठाऊक असतं. नवशिके इथं दोन चुका करतात. पहिली, पिशवी पाठीमागं लपवणं. माकड मागंच बसलेलं असतं. दुसरी, ‘एवढं एक केळ देतो, मग जाईल’ असा विचार. ते जातं, पण भावकीला बोलवायला. काही देऊ नका, दात काढून हसू नका (माणसानं दात दाखवले की त्यांना ती धमकी वाटू शकते) आणि चष्मा सांभाळा. नारळ गेलाच, तर देवाला पोचला असं समजून हात जोडा.

मंदिर खाली दरीत आहे. रावणाला अडवणारा जटायू इथंच पडला आणि त्याला पाणी पाजण्यासाठी रामानं बाण मारून झरा काढला, अशी इथली कथा. आठवडाभर बरा पाऊस झाला असेल तर धबधबाही पडतो, आणि इथं सगळी मार्गदर्शनं संपतात. पक्ष्यांची नावं शिकायला आलेला माणूस तासभर नुसतं पाणी बघत उभा राहतो. त्याला हसू नये. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडं मोरापेक्षा पडतं पाणी दुर्मीळ. श्रावणी सोमवारी गेलात तर मात्र पाणी दिसणार नाही, पाण्याबरोबर फोटो काढणारे दिसतील.

खरं रान बघायचं असेल तर भल्या सकाळी जा. परवानगी असेल तिथपर्यंतच, मळकट कपड्यांत आणि गप्प. गप्प बसणं हे या सगळ्यात अवघड काम. आपल्याकडं दोन माणसं झाडाखाली बसली की सोयरीक तरी निघते नाहीतर सोयाबीनचा भाव. तेवढं अर्धा तास आवरलं, तर मोर दिसेल, ससा दिसेल, नशिबात असलं तर कोल्हाही.

आता वाघ. तो आधी अभयारण्यात नव्हताच, यवतमाळच्या टिपेश्वरहून आला. चारशेहून जास्त किलोमीटर शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत, एकटा, कुणाला पत्ता न विचारता. डिसेंबर 2024 मध्ये ट्रॅप कॅमेऱ्याला एक फोटो देऊन त्यानं आल्याची वर्दी दिली. मग धाराशिव-बार्शीच्या शिवारातली जनावरं जाऊ लागली तेव्हा त्याला धरायला पथकं आली, बेशुद्ध करायच्या बंदुका आल्या. महिनोन्‌महिने तो हाती लागला नाही. नवशिक्यांनी खरं तर त्याच्याचकडून शिकावं. पहाटे निघावं, आवाज करू नये, पानाची पिचकारी टाकू नये, जिथं चार माणसं जमतात तिथं थांबू नये. ज्याचं वासरू गेलं त्या शेतकऱ्याला हे कौतुक ऐकवू नका, एवढं भान ठेवा. त्याच्या लेखी तो पाहुणा नव्हे. सरकारी भरपाई मिळते, पण गोठ्यातलं रिकामं दावं रोज दिसतं.

तुम्हाला वाघ दिसणार नाही. तुम्ही त्याला दिसलात की नाही, ते विचारू नये.

परतीच्या जीपमध्ये ढोकीला कुणीतरी चढेल आणि विचारेलच, ‘दिसला का?’ नाही म्हणालात तर गाडीभर पडेल चेहऱ्यानं बघतील. म्हणून लांबून शेपूट दिसली म्हणा. मुरुड येईपर्यंत तिला बाकीचा वाघ आपोआप फुटतो. तो अंगावर धावून आला इथपर्यंत मात्र जाऊ देऊ नका. गोष्ट तुमच्याआधी घरी पोचते, आणि पुढच्या खेपेला धपाटे मिळत नाहीत.