बैलानं पाय देल्ला

मागच्या महिन्यात एका शाळेनं मला पालकांपुढं बोलायला बोलावलं. विषय होता ‘किशोरवयीन मुलांच्या जडणघडणीत कुटुंब, शाळा आणि समाज’. बोलावणाऱ्यांना माझी जडणघडण ठाऊक नसावी. मी मात्र तयारी जोरात केली. युरी ब्रॉनफेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञानं 1979 साली आपल्या पुस्तकात मुलाभोवतीची वर्तुळं मांडली. अगदी जवळ घर, शाळा, दोस्त. त्यापलीकडं आईबापांचं कामधंद्याचं जग. सगळ्यात बाहेर रीतीरिवाज. ती वर्तुळं मी वहीवर गिरवत बसलो होतो, तर माझा पंधरा वर्षांचा मुलगा मागून डोकावला.

“बाबा, यात जाम नदी कुठं आहे?”

म्हणजे सावरगावच्या मामांनी त्याला सगळं सांगितलं होतं. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही.

साल 1991, मी नववीत. पांढुर्णा तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातली तहसील होती, जिल्हा व्हायला 2023 उजाडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, आणि दिवसभर गोटे. पांढुर्णेवाल्यांनी झाड तोडून आणलं की ते चंडीमातेच्या देवळात जातं आणि खेळ मिटतो. शेकडो लोक जखमी होतात, जीवही गेलेत. प्रशासनानं गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण चेंडूंनी कोणाचं समाधान झालं नाही. म्हणे पांढुर्ण्याचा एक पोरगा सावरगावची पोरगी पळवून आणत होता, नदीत दोघं अडकले, तिथून हे सुरू झालं. आमच्या बाबांनीही सावरगावचीच पोरगी आणली, फक्त पत्रिका छापून, वाजतगाजत. त्यामुळं मी जन्मानं अर्धा शत्रुपक्षाचा.

त्या पोळ्याला बाबांनी सकाळीच बजावलं, “उद्या नदीवर दिसला तर तंगडी तोडीन.” संध्याकाळी पाहुणे आले. पुरणपोळी झाली, सुपारी झाली, आणि बाबांनी टोपी मागं सरकवून कपाळावरची खूण दाखवली. “हे बहात्तर सालचं.” पाहुण्यांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं, शंभराव्यांदा.

शाळा हिंदी. 1956 साली नागपूर आमच्यापासून तुटून मुंबई राज्यात गेलं, आम्ही पांढुर्णा-सौसरवाले मध्य प्रदेशातच राहिलो, तेव्हापासून घरात मराठी आणि फळ्यावर हिंदी. सरांनी ‘अनुशासन’ या विषयावर अर्धा तास घेतला, नदीवर न जाण्याची शपथ दिली, आणि डस्टर झटकता झटकता म्हणाले, “देखते हैं, इस बार झंडा कितने बजे आता है.” ‘जाऊ नको’ मला दोन भाषांत सांगून झालं होतं. ‘जा’ असं म्हणायची कोणाला गरजच पडली नाही.

राहिले दोस्त. त्यातला एक दारात उभा राहून एवढंच म्हणाला, “येत नाई काय बे? मामाले भेतं का?”

2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी संशोधकांनी एक प्रयोग केला. पोरांना पडद्यावरची गाडी चालवायला दिली. काहींना एकट्यानं, काहींना दोस्तांसमोर. दोस्त पाहत असले की पोरं कितीतरी जास्त धोका पत्करायची, मोठ्या माणसांना मात्र फारसा फरक पडत नव्हता. वाचताना मला चौदा वर्षं आधी आमच्या दारात उभा असलेला तो पोरगा आठवला.

नदीवर पोचलो. आई बाजारात वांगी निवडते तसा मी गोटा निवडला: गोल, जड, कीड नसलेला. इतका जड की एका हातात मावेना. दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलला, पलीकडं नेम धरायला नजर टाकली, तर समोर मामा. धोतर खोचलेले, उजव्या हातात गोटा. त्यांनीही मला पाहिलं. आमच्याकडं वैर एका दिवसाचं असतं, नातं बारमाही. मामांनी गोट्याचा हात तसाच वर ठेवला, डाव्या हाताची बोटं तोंडाशी नेली आणि खुणेनं विचारलं: जेवला का?

मी संस्कारी पोरगा. ‘हो’ सांगायला मी हात वर केला.

गोटा माझ्या डाव्या अंगठ्यावर पडला. त्या दिवशी मी वापरलेला तो एकमेव गोटा. पांढुर्ण्याचा एक माणूस त्यानं जायबंदी केला, आणि सावरगावला तो फुकटात मिळाला.

लंगडत घरी आलो. आईनं हळद दाबली. बाबांनी विचारलं, “काय झालं बे?”

“बैलानं पाय देल्ला.”

“कोणत्या बैलानं?”

आमची जोडी दोन वर्षांपूर्वीच विकली होती. त्या साली पोळ्याला पुजलेले बैल मातीचे होते, वीतभर उंचीचे, आणि या घडीला कोनाड्यात उभे होते. बाबांनी कोनाड्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. बैलांनी आमच्याकडं पाहिलं. तेवढ्यात डोक्याला पट्टी बांधलेले मामा दारातून आत आले आणि चप्पल काढायच्या आधीच बोलले, “भाच्याचा पाय कसा हाय, बाई?”

मग बाबा आणि मामा एका पंगतीत बसून कालच्या पोळ्या जेवले. माझी तंगडी काही कोणी तोडली नाही. शाळेत सरांनी अनुशासनभंगाबद्दल तासभर उभं केलं आणि मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं, “झाड के पास तक गया था क्या?” आठवडाभरानं घरी पाहुणे आले. बाबांनी टोपी मागं सरकवली, बहात्तरची खूण दाखवली, आणि आतल्या खोलीकडं हाक मारली, “इकडं ये बे. अंगठा दाखव.”

हे सगळं ऐकून झाल्यावर मुलगा म्हणाला, “मग यंदा मी जाऊ?”

“तंगडी तोडीन,” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. फक्त माझ्या डाव्या पायाकडं पाहत राहिला, जिथं नख अजूनही वाकडंच उगवतं.

व्याख्यानाला मी बूट घालून गेलो.